शुक्रवारची निवड समिती

पप्पा,

तुमच्या बेसबॉलच्या टीमने काल त्या थर्ड बेसमनला काढून टाकलं. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत असेल. पण तुम्हाला तो फार आवडला असता, म्हणजे दाताखाली धरायला आवडला असता. दोन सीझन बरा खेळला आणि यंदा त्याचा फॉर्म जो गेला तो परत आलाच नाही. टीमच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे रोज सकाळी त्याची सालं काढायचं काम चालायचं. सगळे अमेरिकेतले, त्याच शहरात जन्मलेले, आणि त्यांच्यात इथून, बहरीनच्या मनाम्यातून, मी एकटी. सीफ भागातल्या ऑफिसला निघायच्या आधी चहा पिता पिता मीही हात धुऊन घ्यायचे. परवा मी लिहिलं, याच्या हातात आता बॅटऐवजी झाडू द्या, निदान काहीतरी हलेल. लोक हसून बेजार झाले. त्यांना काय माहीत, हे वाक्य तुमचं आहे आणि आमच्या घरात ते खेळाडूंपेक्षा मम्मीला आणि आम्हालाच जास्त वेळा ऐकावं लागलं आहे.

काल बातमी आली तेव्हा ग्रुपात नुसता जल्लोष. कोणी म्हणे उशिरा का होईना मॅनेजरला अक्कल आली, कोणी म्हणे खालच्या टीममधला तो डावखुरा पोरगा वर आणा, कोणी म्हणे त्यालाही तीन आठवड्यांत काढावं लागेल, बघालच. त्या सगळ्या कालव्यात दादाने एकच ओळ टाकली. हो, दादाही आहे त्या ग्रुपात. तुमचा मुलगा, ज्याला तुम्ही पंधराव्या वर्षी वसईला काकांच्या घरी पाठवलंत, तो. तो वसईत बसून तुमच्या टीमच्या मॅचेस बघतो आणि कोणत्याही खेळाडूचा फॉर्म गेला की त्याची बाजू घेतो. लोक त्याची टिंगल करतात, त्याला संतमहाराज म्हणतात. काल त्याने लिहिलं, "त्याला हे कोणी सांगितलं? मॅनेजरने समोर बसवून सांगितलं, की चार लोकांत?" लोक त्या डावखुऱ्या पोराचे आकडे काढत बसले. मीही त्यांच्यातच. पण ऑफिसात दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, आणि आता घरी येऊन, स्वयंपाकाला हात न लावता, तुम्हाला लिहायला बसले आहे.

आपल्या घरात हा खेळ कसा आला ते आठवलं की अजून हसू येतं. बहरीनमधल्या मराठी माणसाला क्रिकेट पुरेसं असतं. तुम्ही मात्र जुफेरच्या अमेरिकन तळावर मेसमध्ये नाश्त्याच्या पाळीला होतात. पहाटे अंडी फोडता फोडता भिंतीवरच्या टीव्हीवर ती मॅच चालू असायची, आणि समोर ट्रे घेऊन उभी असलेली पोरं एकमेकांशी तावातावाने भांडत असायची. कोणाला ठेवावं, कोणाला हाकलावं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणावं. तुम्हाला खेळ आवडला असेल की नाही, मला शंका आहे. तुम्हाला ते भांडण आवडलं. रोज बारा तास "यस सर" म्हणणाऱ्या माणसाला असा एक खेळ सापडला, ज्यात लांबच्या लांब बसून लाखात एक असलेल्या माणसाला नालायक म्हणता येतं आणि तो उलटून बोलू शकत नाही. त्यातल्याच एका पोराने तुम्हाला त्याच्या गावची टीम दिली, आणि रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी द्यायला लागला.

मग आपल्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची समिती बसायला लागली. सकाळी चर्च, मग मम्मीच्या हातचं चिकनचं कालवण आणि भात, आणि मग तुम्ही, खालच्या मजल्यावरचे बँकेतले पुण्याचे काका आणि हॉटेलात काम करणारे गोव्याचे अंकल. त्या दोघांना तुम्हीच हा खेळ शिकवलात. कॅसेट आठवडाभर जुनी असायची. निकाल तुम्हाला मेसमध्ये कधीच कळलेला असायचा, पण त्या दोघांना तुम्ही ते कधी सांगितलं नाहीत. "बघा हं, आता हा उभ्या उभ्या आउट होणार," असं तुम्ही म्हणायचात आणि तो व्हायचा. बँकवाले काका मांडीवर थाप मारायचे. म्हणायचे, "तुमची नजर म्हणजे नजर आहे बुवा." तुम्ही मान खाली घालून विनयाने हसायचात. मला हे ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं. घरातलं गुपित म्हणून आम्हाला त्याची मजा वाटायची. बाप हुशार आहे असंच वाटायचं तेव्हा.

या खेळातला एक नियम तुम्हाला सगळ्यात प्रिय होता. मोठ्या टीममध्ये माणसं ठरलेलीच ठेवता येतात, एकही जास्त नाही. ज्याचा फॉर्म गेला त्याला खालच्या टीममध्ये पाठवतात, छोट्या गावात, रिकाम्या मैदानांवर खेळायला. तिथे त्याने काही करून दाखवलं तर पुन्हा वर बोलावतात. पण त्याला वर घ्यायचं तर वरच्या कोणाला तरी काढावंच लागतं. तुम्ही हे असं समजावून सांगायचात, जसं काही तुम्हीच तो नियम केला आहे. "जागा रिकामी झाल्याशिवाय कोणी वर येत नाही. यात भावना बिवना काही नाही." आणि मग हाच हिशेब घरात. आमटीत मीठ जास्त झालं की मम्मीचा फॉर्म गेलेला. मला गणितात कमी मार्क मिळाले की "हिला पुढच्या आठवड्यात बेंचवर बसवा", म्हणजे शुक्रवारी समुद्रावर न्यायचं नाही. आम्ही हसायचो. मम्मीसुद्धा हसायची, पण ताटाकडे बघून.

तो शुक्रवार मला जसाच्या तसा दिसतो. एप्रिल निम्मा सरलेला, दादाचा नववीचा निकाल लागून गेलेला, दादा नापास. घरात त्यावर कोणी काही बोललेलं नाही, तुम्ही तर अगदी गोडीत आहात. जेवणं झाली आहेत. दादा व्हीसीआरजवळ बसला आहे, कारण कॅसेट लावणं, पुढे-मागे करणं हे त्याचं काम. मी पापडाची ताटली घेऊन दारात उभी. टीव्हीवर एक फलंदाज बॅट खांद्यावर ठेवून आउट होतो, तुम्ही आधी सांगितलं होतं तसाच. तुम्ही म्हणता, "थांबव रे." दादा बटण दाबतो. चित्र थरथरत थांबतं.

"बँकवाले, एक विचारतो," तुम्ही म्हणता. "समजा एक पोरगा आहे. संधी दिली, शिकवण्या लावल्या, सगळं केलं. तरी बॅट हलत नाही. काय करायचं?"

काकांना वाटतं टीव्हीवरच्याबद्दल चाललंय. "खाली पाठवा," ते पापड मोडत म्हणतात. "तिथे सूर सापडला की आणा वर."

"अरे नहीं यार," गोव्याचे अंकल म्हणतात. "एक सीझन और दे दो. लड़का छोटा है."

"छोटा कसला? पंधरा वर्षांचा घोडा आहे."

मग सगळ्यांना कळतं. दादाचं बोट अजून बटणावर आहे. काका एकदा दादाकडे बघतात, एकदा तुमच्याकडे, आणि त्या भल्या माणसाला मागे फिरायचं कसं ते सुचत नाही. ते हसतात. म्हणतात, "मग काय, वसईच बरी. पाया पक्का होईल." तुम्ही म्हणता, "हात वर करा." तुमचा हात वर, काकांचा अर्धा वर. अंकल हात मांडीखाली घालून बसतात आणि म्हणतात, "खलास, मेरा वोट ही नहीं है." मी दारातून काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणता, "मुलींना मत नाही." मग दादाला म्हणता, "दोनास शून्य. यल्ला, चालू कर." आणि दादा चालू करतो. पुढची मॅच आपण सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितली. मम्मीने चहा आणला. कोणीतरी चांगला फटका मारला तेव्हा काका "वा" म्हणाले.

आठ दिवसांत दादा गेला. मम्मीने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं की तिकीट तुम्ही त्या शुक्रवारच्या आधीच काढून आणलं होतं आणि कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवलं होतं. म्हणजे ही मॅचसुद्धा तुम्ही निकाल माहीत असून आमच्याबरोबर बघितलीत. पोराला पाठवायचंच होतं तर पाठवायचं, पप्पा. आखातातल्या किती घरांनी मुलांना गावी ठेवलं आहे, त्यात जगावेगळं काय? रात्री जवळ बसवून सांगितलं असतंत तर तो रडला असता आणि गेला असता. पण तुम्हाला प्रेक्षक लागत होते.

विमानतळावर तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "चांगला खेळ, वर घेतो." त्याने ते खरं मानलं. त्याने दहावीला खरोखर मान मोडून अभ्यास केला. काकूच्या घरी विहिरीजवळच्या खोलीत बसून तो शिकत होता आणि रविवारी फोनची वाट बघत होता. तुम्ही फोनवर काय बोलायचात? टीमचा स्कोर. आठवड्याचे सगळे स्कोर एका दमात, मग "अभ्यास कर," मग फोन मम्मीकडे. त्यामुळे त्याला ती टीम तोंडपाठ झाली. बापाचा आवाज म्हणजे त्याला तेवढंच मिळत होतं. आणि इथे त्याच्या रेसिडेन्सचे, म्हणजे राहायच्या परवान्याचे, महिने भरत आले होते. बाहेर सहा महिने राहिलं की रेसिडेन्स आपोआप संपतो हे बहरीनमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मम्मीने दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा रडली. तुम्ही म्हणालात, इंशाल्ला, बघू. मग एक दिवस वसईच्या काकांचा थोरला मुलगा व्हिसा घेऊन आला, तुमच्या शब्दावर मेसमध्ये भांडी घासायला लागला आणि दादाच्या खाटेवर झोपायला लागला. तुम्ही समितीला सांगितलंत, "चांगली अदलाबदल झाली. हा पोरगा कामाचा आहे." आणि दादाला दहावीत मिळाले तेवढे मार्क आपल्या घराण्यात कोणाला मिळाले नव्हते. तुम्ही फोनवर म्हणालात, "छान. पण आता इथे जागा कुठे आहे?"

त्यानंतर दादाने कधी विचारलं नाही. तुम्ही दर दोन वर्षांनी वसईला जायचात, तो तुमच्याशी नीट बोलायचा, तुमच्यासाठी मासळी आणायचा. लोक म्हणायचे किती गुणी मुलगा. तुम्हाला वाटलं सगळं ठीक झालं. तुम्ही मला एकदा म्हणालात सुद्धा, "बघ, खाली पाठवलं म्हणून माणूस झाला." मी तेव्हा लग्न होऊन वेगळी राहत होते, माझा नवरा समोर होता, म्हणून मी गप्प बसले. त्या क्षणी मला तुमचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. तुम्ही वारलात म्हणून तो कमी झाला असेल असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे.

मग सलमानिया हॉस्पिटलातली ती खोली. तुम्ही उशीवर, हाताला सुई, आणि आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागत होतं. माझी लेक तेव्हा रांगत होती, आता कॉलेजात आहे, म्हणजे बघा किती काळ गेला. दुपारची वेळ. मम्मी चर्चमध्ये गेलेली, चुलतभाऊ ड्यूटीवर. तुम्ही मला म्हणालात, "त्याला वर बोलव." मी मुद्दाम विचारलं, "कोणाला?" तुम्ही म्हणालात, "वसईवाल्याला. लाव फोन." नाव तेव्हाही घेतलं नाहीत. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून तुमच्या तोंडाजवळ धरला.

"तुला वर घेतलंय," तुम्ही म्हणालात. "ये आता."

पलीकडून दादा म्हणाला, "माझ्यासाठी कोणाला काढलं, पप्पा?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"जागा रिकामी झाल्याशिवाय कोणी वर येत नाही ना? तो अजून आहे ना घरी, माझ्या खाटेवर? मग मी कसा येऊ?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचारत होता. तुम्ही डोळे मिटलेत, आणि मला वाटलं आता तुम्ही बोलाल. एवढं एक वाक्य, पप्पा. कुठलंही चाललं असतं. पण तुमच्या ओठांच्या कडेला हसू आलं, चांगल्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर मास्तरांना येतं तसं. तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलतोय. जागा नाही." आणि बोटाने खूण केलीत, फोन बंद कर.

तो फोन वसईला लागलाच नव्हता. दादा खाली होता, त्याच इमारतीत. त्याचा व्हिजिट व्हिसा माझ्या नवऱ्याने काढला होता आणि तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, तुम्ही नाही म्हणाल या भीतीने. सकाळी मी त्याला विमानतळावरून घरी आणलं. त्याने आंघोळ केली, नवा शर्ट घातला, माझ्या कॉम्प्युटरवर आधी मॅचचा निकाल बघितला आणि मग आम्ही हॉस्पिटलात आलो. दारात त्याचा पाय अडला. म्हणाला, "तू हो पुढे, मी चहा घेऊन येतो." मी फोन बंद करून खाली गेले तेव्हा तो कँटीनमध्ये नव्हता. लिफ्टसमोर उभा होता, फोन हातात, आणि लिफ्ट दार उघडून, बंद करून निघून जात होती.

"मी बटण दाबूनच बोलत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं म्हणतील, गेला खड्ड्यात तुझा नियम, ये. एकदा तरी म्हणतील."

"चल ना वर," मी म्हणाले. "मी आहे ना."

"तू बोलवून काय उपयोग?" मग तो एकदम हसला, अगदी तुमच्यासारखा, ओठाच्या कडेने. "आत गेल्या गेल्या स्कोर सांगायचा असं ठरवलं होतं मी. बाकीचं मग. आज त्या पोराने जिंकून दिली ना."

तो पोरगा म्हणजे तुम्ही महिनाभर ज्याला शिव्या घालत होतात तो तुमच्या टीमचा शॉर्टस्टॉप. दादा त्याची बाजू घ्यायचा, तेव्हाही. मी त्याला टॅक्सीत बसवून माझ्या घरी पाठवलं. दोन दिवस तो माझ्या लेकीला खेळवत बसला आणि परत गेला. मम्मीला तेवढं मी भेटवलं. तुमच्या मातीला तो आला नाही. लोकांनी विचारलं तेव्हा मी व्हिसाचं कारण सांगितलं, इथे ते सगळ्यांना पटतं.

यातलं काही तुम्हाला तेव्हा कळलं नाही आणि आता लिहूनही कळणार नाही. हे मी कुठे पाठवणार नाही, तुमच्या कबरीवर नेऊन ठेवणाऱ्यातली मी नाही आणि दादाला तर दाखवणारच नाही. फक्त त्या दुपारी पुढे काय झालं तेवढं लिहिते आणि उठते, मुलीला भूक लागली असेल.

दादाला पाठवून मी वर आले. तुम्ही जागे होतात. त्याच्याबद्दल एक शब्द विचारला नाहीत. तुम्ही विचारलंत, "आज काय झालं मॅचचं?"

ती बातमी दादाची होती. तो ती घेऊन समुद्र ओलांडून तुमच्या दारापर्यंत आला होता. मी तुमची चादर नीट केली आणि म्हणाले, "हरले."

"आणि तो?"

"उभ्या उभ्या आउट."

तुम्ही समाधानाने मान हलवलीत. म्हणालात, "वाटलंच होतं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात.

जिंकली होती, पप्पा.